व्हरांड्यात ऐकलेलं वाक्य नाटकात वापरू का?

प्रश्न : मी एका मराठी दैनिकासाठी बऱ्याच वर्षांपासून जिल्हा न्यायालयाचं बीट बघते. सोबत एकांकिका लिहिते, स्पर्धांत बक्षिसंही मिळाली आहेत. आता पहिल्यांदाच दोन अंकी नाटक लिहिलंय. मीच वार्तांकन केलेल्या हुंडाबळीच्या एका खटल्यावर ते आहे. त्या खटल्यात मृत मुलीचे वडीलच फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. सरकारनं हायकोर्टात अपील केलंय. साक्ष झाली त्या दुपारी ते वडील व्हरांड्यात माझ्याशी एक वाक्य बोलले आणि म्हणाले, ‘हे छापू नका, ताई.’ मी छापलं नाही. पण माझ्या नाटकाचा शेवट त्याच वाक्यावर होतो. एका निर्मात्याला संहिता आवडलीय. जाहिरातीत त्यांना ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि ‘कोर्ट कव्हर करणाऱ्या पत्रकाराच्या लेखणीतून’ असं टाकायचंय. संपादक म्हणतात, नाटक की नोकरी, काय ते ठरवा. पहिल्या प्रयोगाला त्या वडिलांना बोलवावं असंही मनात येतं. काय करू?

— एक कोर्ट बातमीदार

उत्तर : नमस्कार.

आधी त्या वाक्याबद्दल बोलते, कारण बाकीचं सगळं त्याला बांधलेलं आहे. ते वाक्य नाटकातून काढा.

पत्रासोबत तुम्ही संहिता पाठवलीत. शेवटचा प्रवेश मी दोनदा वाचला. वाक्य विलक्षण आहे यात शंका नाही, आणि ते इथे मी मुद्दामच उद्धृत करत नाही. पण ‘छापू नका’ म्हणताना त्या माणसाच्या डोक्यात तुमच्या दैनिकाचं पान पाच नव्हतं. हे चारचौघांत जाऊ नये, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि शब्द दिलात. तो शब्द तुमच्या वर्तमानपत्राचा नाही, तुमचा आहे. वर्तमानपत्रात जे गेलं नाही ते पाचशे प्रेक्षकांसमोर नटाच्या तोंडी घालायचं, हे छापण्यापेक्षा मोठं प्रकाशन आहे.

कायद्याच्या बाजूनंही बघा. कोर्टाच्या नोंदीतल्या गोष्टींवर लिहायला आपल्याकडे बरीच मोकळीक आहे. १९९४च्या आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या लेखनाला खासगीपणाच्या हक्काची आडकाठी येत नाही. लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीचं नाव मात्र त्यातून वगळलं. म्हणजे त्या वडिलांनी पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं ते तुम्ही वापरू शकता. व्हरांड्यातलं वाक्य मात्र कुठल्याच नोंदीत नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे. प्रयोग बघून त्यांच्या गावातल्या कुणी ओळखलं, तर ते कुणी सांगितलं हा प्रश्नच उरत नाही. अपील प्रलंबित असताना, साक्ष फिरवलेल्या माणसाच्या तोंडचं असं वाक्य जाहीरपणे फिरू लागलं तर त्याचे परिणाम त्याला भोगावे लागतील, तुम्हाला नाही. नाटकाच्या शेवटापेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि तुमचं पत्र वाचून वाटलं की तुम्हालाही ती तशीच वाटते. नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं.

‘मग नाटकात उरलं काय?’ असं तुम्ही मनात म्हणाल. माझ्या मते, खरं नाटक उरलंय. ते तुमच्या वहीत आहे, फक्त तुम्ही ते चुकीच्या पानावर शोधताय.

साक्षीची नोंद कशी होते हे तुम्ही रोज बघता, म्हणून कदाचित त्यातली गंमत तुम्हाला जाणवेनाशी झाली असेल. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश त्या प्रश्नोत्तराचं एक सलग विधान करून स्टेनोला सांगतात. आपल्या खालच्या कोर्टांत साक्ष साधारणपणे अशीच, निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. शब्दश: प्रश्नोत्तर क्वचितच उतरतं. कोर्टात बसत असताना एका म्हातारीची उलटतपासणी मी ऐकली होती. घटनेची जागा तुमच्या घरापासून किती लांब, असं वकिलानं विचारलं. ती म्हणाली, “माझ्या दारातून त्यांची तुळस दिसते. वाळली तरी कळतं.” नोंद झाली : ‘घटनास्थळ माझ्या घरापासून अंदाजे पन्नास फुटांवर आहे.’ कुणी काही खोटं लिहिलं नव्हतं. कोर्टाला जे हवं होतं ते कोर्टानं घेतलं. तुळस मात्र कुठेच राहिली नाही. राहिली ती वार्ताहरांच्या बाकावर बसून कुणी लिहून घेतली असेल तर त्याच्या वहीत.

ब्रिटनमध्ये रिचर्ड नॉर्टन-टेलर या ‘गार्डियन’च्या पत्रकारानं चौकशी आयोगांच्या कामकाजावर नाटकं केली. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासाची जी चौकशी झाली, तिच्यावरचं ‘द कलर ऑफ जस्टिस’ हे नाटक १९९९ साली लंडनमध्ये झालं. नाटककारानं पदरचा संवाद घातला नाही, कामकाजाच्या शब्दश: प्रतीतून निवड केली आणि तेवढ्यावर प्रयोग उभा राहिला. आपल्या सत्र न्यायालयात हे करायला गेलं तर हाती काय येईल? ‘हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे.’ प्रत्येक साक्षीच्या शेवटी हेच वाक्य, प्रत्येकाच्या तोंडी, मग तो प्राध्यापक असो की ऊसतोड मजूर. म्हणून इथे कोर्टाच्या बातमीदाराची वही मोलाची. माणसं प्रत्यक्षात काय बोलली, कुठे अडखळली, उत्तर देण्याआधी कुणाकडे बघितलं, हे दुसरीकडे कुठेच जपलेलं नसतं. साक्षीदाराच्या हावभावांबद्दल शेरा नोंदवायची तरतूद कायद्यात आहे, पण रोजच्या बोर्डाच्या, म्हणजे सुनावणीच्या यादीच्या, रेट्यात ती किती वापरली जाते ते तुम्ही जाणताच.

तर शेवटासाठी त्या खासगी वाक्याची गरज नाही. बाप पिंजऱ्यात उभा आहे. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात आणि स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी सुरू करतात. पोलिसांपुढचा जबाब एकेक वाक्य करून त्याच्यासमोर वाचला जातो, आणि प्रत्येक वाक्याला तो म्हणतो, ‘मी असं सांगितलं नव्हतं.’ मुलीनं फोनवर काय सांगितलं, दिवाळीला माहेरी आली तेव्हा हात कसा होता, सगळं वाचलं जातं आणि सगळं नाकारलं जातं. तुमच्या पहिल्या अंकात हा प्रसंग पाऊण पानात उरकलाय, कारण तुम्हाला पुढच्या व्हरांड्याकडे जायची घाई आहे. तो प्रसंग सावकाश लिहा. प्रेक्षकाला सत्य त्या नकारांमधूनच कळेल. त्यानंतर बापानं काही कबूल करायची आवश्यकताच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा खटला आणि नाटक यांतलं अंतर. मराठीत याचं उत्तम उदाहरण समोर आहे. आचार्य अत्रे स्वतः संपादक, ‘मराठा’ चालवणारे. ‘तो मी नव्हेच’ हे १९६२चं नाटक माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून सुचलेलं आहे. पण अत्र्यांनी काझीचं चरित्र लिहिलं नाही. समोर साक्षीदार उभा असताना थंडपणे ‘तो मी नव्हेच’ म्हणण्याची ती हातोटी त्यांनी उचलली, निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे उभा केला, आणि एकेका साक्षीबरोबर जुना प्रसंग समोर आणणारी रचना बांधली. फिरता रंगमंच त्या रचनेसाठी कामाला आला. आज काझी कुणाला आठवत नाही आणि लखोबा सगळ्यांना ठाऊक आहे. खटल्यातला माणूस सोडून दिला आणि त्याची रीत ठेवली, म्हणून हे झालं. तेंडुलकरांनी तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’साठी खरा खटला घेतलाच नाही. हौशी मंडळींचं अभिरूप न्यायालय घेतलं, आणि कोर्टाची भाषा एका बाईला घेरायला कशी वापरता येते ते दाखवलं. तेही वृत्तपत्रांत नोकरी केलेले लेखक.

तुमच्या नाटकात नावं बदललीत, गाव बदललं. पण वडिलांचा व्यवसाय तोच आहे, मुलीचं शिक्षण तेच आहे, मृत्यूची तऱ्हा तीच आहे. तुमच्या जिल्ह्यातला कुणीही वाचक दहाव्या मिनिटाला ओळखेल. एक प्रयोग करून बघा : नातं बदला. बापाच्या जागी थोरला भाऊ ठेवा, किंवा गुन्हाच वेगळा घ्या. मेलेल्या माणसाच्या बाजूनं उभा राहणारा एकच जण, आणि तोच साक्ष फिरवतो, हा गाभा टिकतो का ते बघा. टिकला तर नाटक तुमचं आहे. नाही टिकला, तर अजून ते बातमीच आहे आणि आणखी लिहावं लागेल.

आता खटला ‘संपला’ की नाही. सत्र न्यायालयाचा निकाल लागला म्हणून संपला असं आपण बोलताना म्हणतो. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१चा कायदा तसं म्हणत नाही. अपील झालं असेल तर त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत, आणि अपील केलंच नसेल तर त्याची मुदत संपेपर्यंत खटला प्रलंबितच धरला जातो. कामकाजाच्या खऱ्या आणि रास्त वार्तांकनाला त्या कायद्यात संरक्षण आहे. बदनामीच्या कलमातही कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत अपवाद म्हणून मान्य आहे. पण हे कवच वृत्तांताला आहे. कल्पनेनं भरलेला प्रवेश म्हणजे वृत्तांत नव्हे. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ जाहिरातीत आली की ते अंतर तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकता. निर्मात्यांना या ओळीनं तिकिटं जातील असं वाटतं, आणि जातीलही. तरी नकार द्या. ‘पत्रकाराच्या लेखणीतून’ हेही नको, कारण त्याचा अर्थ प्रेक्षक ‘हे सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलंय’ असाच घेणार. जाहिरातीत फक्त तुमचं नाव असू द्या.

(जाता जाता : तुमच्या दुसऱ्या एकांकिकेचा विषय बालकावरच्या अत्याचाराचा आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे नियम फार कडक आहेत. पीडितेची ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यातही तशीच बंदी आहे. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की नुसतं नाव टाळणं पुरेसं नाही. दूरान्वयानंही ओळख पटता कामा नये. त्या एकांकिकेत खऱ्या प्रकरणातलं शाळेचं वर्णन जसंच्या तसं असेल तर ते आजच काढा.)

संपादकांकडे वळू. ते तुम्हाला ‘एक काय ते ठरवा’ म्हणतात, तेव्हा त्यांना नाटकाचा राग नसावा. त्यांची अडचण अशी : उद्या हायकोर्टात अपील बोर्डावर आलं, तर त्याची बातमी कोण करणार? त्याच खटल्यावर नाटक लिहिलेली, त्या नाटकातून मानधन घेणारी बातमीदार? ही शंका रास्त आहे. म्हणून तुम्हीच एक छोटं पत्र लिहून द्या. अमुक विषयावर नाटक लिहिते आहे, या प्रकरणाच्या पुढच्या बातम्या मी करणार नाही, त्या सहकाऱ्याकडे द्याव्यात, आणि ज्या खटल्याचं वार्तांकन चालू आहे त्यावर लेखन करणार नाही. तोंडी नको, लेखीच द्या. संपादक बदलतात, फाइल राहते. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला परवानगी लागते का तेही काढून बघा. लागत असेल तर त्याच पत्रात मागा. एवढं हाती आल्यावर बहुतेक संपादक ‘ठीक आहे’ म्हणतात. नाही म्हणाले, तर तो निराळा विचार. पण आधी ही वाट त्यांना दाखवा.

तुम्ही लिहिलेल्या बातम्या कुणाच्या, हा प्रश्नही तुमच्या मनात आहे असं पत्रातून दिसतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. नोकरीत केलेल्या लेखनाचा वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा असतो. वेगळा करार नसेल तर बाकीचा हक्क लेखकाचा राहतो. आणि घडलेल्या घटनेवर तर कुणाचाच कॉपीराइट नसतो. एका स्त्रीची खरेदी करून पत्रकारानं दिलेल्या बातमीवरून तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. पुढे त्याच्या चित्रपटावरून संबंधित वृत्तपत्र मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानं हेच सांगितलं. तेव्हा हक्काच्या बाबतीत निश्चिंत राहा.

नोकरी मात्र सोडू नका. घरचे सांगतात ते पगारासाठी, आणि तेही खोटं नाही. मराठीत फक्त नाटकं लिहून घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण माझं कारण वेगळं आहे. कोर्टातून उठून गेलात तर दोन-तीन वर्षं जुन्या वह्यांवर निघतील. नंतर तुमची पात्रं चित्रपटातल्या वकिलांसारखी बोलू लागतील, टेबलावर मूठ आपटत, ‘मिलॉर्ड’ म्हणत. आज तुमच्या पहिल्या अंकातला पट्टेवाला पुकारा करताना आडनाव चुकीचं उच्चारतो आणि आरोपीचा भाऊ दोनदा दुरुस्त करतो. हे सुचत नाही, ऐकावं लागतं. खाडिलकरांनी ‘केसरी’त काम करत नाटकं लिहिली, अत्र्यांनी दैनिक चालवत लिहिली. त्यांना वेळ जास्त होता असं मला वाटत नाही.

वेळेची तुमची ओढाताण खरी आहे. कोर्ट उठलं की बातमी द्यायची, आणि नेमकी तेव्हाच तालीम सुरू होते. त्यावर एवढंच सुचवते : तालमीला रोज जाऊ नका. वाचनाला जा, उभ्या तालमीच्या पहिल्या काही दिवसांत जा, मग दिग्दर्शकावर सोडा आणि रंगीत तालमीला या. लेखनासाठी उन्हाळ्याची आणि दिवाळीची कोर्टाची सुट्टी राखून ठेवा. त्या दिवसांत तुमच्या बीटवर बातम्या कमीच असतात. आणि वह्या दोन करा. बातमीची वेगळी, नाटकाची वेगळी. कुणी ‘छापू नका’ म्हणून सांगितलेलं दुसऱ्या वहीत उतरवायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. हातानं लिहिलं की ते कधी ना कधी बाहेर येतंच.

एक सूचना नाटककार म्हणून. तुमच्या नाटकात न्यायाधीश आहेत, वकील आहेत, बाप आहे, सासू आहे, वार्ताहर नाही. मॉरीन वॉटकिन्सनं १९२४ साली ‘शिकागो ट्रिब्यून’साठी खुनाच्या आरोपातल्या दोन स्त्रियांच्या खटल्यांचं वार्तांकन केलं आणि १९२६ला त्यावर ‘शिकागो’ हे नाटक आणलं. त्यात तिनं वर्तमानपत्रांनाही सोडलं नाही. आरोपी स्त्रीला प्रसिद्ध करणारे, तिचे फोटो छापणारे, तिच्या सुटकेला हातभार लावणारे पत्रकार त्यात आहेत. तुमच्या खटल्यात त्या बापाला कॅमेऱ्यांनी किती वेळा घेरलं, ‘तुम्हाला कसं वाटतंय’ हे किती जणांनी विचारलं, हे तुम्ही पाहिलंय. तो बाक नाटकात आणा. साक्ष का फिरली याचं उत्तर पैशांतच शोधलं पाहिजे असं नाही. दुसऱ्या मुलीचं लग्न, गाव, सासरकडच्यांचं वजन, आणि आपण सगळे, असं बरंच काही असतं.

वडिलांना पहिल्या प्रयोगाला बोलावू नका. तुम्हाला त्यांची परवानगी मिळाल्यासारखं वाटेल, त्यांना मात्र अंधारात बसून आपली साक्ष पुन्हा ऐकावी लागेल. नाटक बदलून ते खरोखर वेगळं झालं, तर बोलावण्याचं कारणच राहणार नाही.

आता निर्माते. प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. ते संस्था करेल, पण मंडळाकडे गेलेली प्रत तुमच्या अंतिम मसुद्याचीच आहे ना, हे स्वतः तपासा. करार लेखी हवा. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं कायदा धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर सगळा भारत धरतो, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो तुमच्याकडे परत येतो. या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. दर प्रयोगामागचं मानधन लिहा. चित्रीकरण, वेब, अनुवाद, चित्रपट हे हक्क स्वतःकडे ठेवा. संहितेत तुमच्या संमतीशिवाय बदल होणार नाही आणि जाहिरातीचा मजकूर तुम्हाला आधी दाखवला जाईल, ही दोन वाक्यं आग्रहानं घाला; नाहीतर ‘सत्य घटनेवर आधारित’ मागच्या दारानं येईल. सही करण्याआधी करार एखाद्या वकिलाला दाखवा. मात्र तुमच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला नको, आणि ‘तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे ताई’ म्हणणाऱ्याला तर नकोच. त्याच्या खटल्याची बातमी उद्या तुम्हालाच करायची आहे. दुसऱ्या शहरातला बघा, आणि त्याची फी द्या.